डीएफ६४ जेन २ : ग्राइंडर चांगला आहे, पण बर्र जुळवल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही

निकाल आधीच सांगतो. डीएफ६४ जेन २ हा घरगुती कॉफी ग्राइंडर घ्यावा, पण खोक्यातून काढून थेट एस्प्रेसो ओढायला घेऊ नये. एक दुपार त्याला द्यावी. आणि त्या दुपारच्या आधी एसएसपी या कोरियन कंपनीचे महागडे बर्र (कॉफी दळणाऱ्या दातेरी चकत्या) तर मुळीच मागवू नयेत. नीट जुळवलेले, म्हणजे एकमेकांशी समांतर बसवलेले, मूळचे बर्र हे तिरके बसलेल्या एसएसपीपेक्षा चांगली कॉफी देतात.

हे यंत्र २०२३ साली आलं. टुरिन, मीकॉफी, जी-आयोटा अशा वेगवेगळ्या नावांनी ते विकलं जातं, आत ढाचा तोच. ६४ मिलिमीटरचे सपाट बर्र, २५० वॅटची मोटर, मिनिटाला सुमारे १४०० फेरे, वर रबरी भाता, तोंडाशी स्थिर वीज मारणारा आयनायझर. दाणे साठवायचे नाहीत, दर कपाला मोजून टाकायचे आणि तेवढेच दळायचे. इतक्या मोठ्या सपाट बर्रांचा ग्राइंडर पूर्वी म्हणजे मॅझर सुपर जॉलीसारखं कॅफेच्या काउंटरवरचं धूड. तेच माप अमेरिकेत ४०० डॉलरच्या आसपास घरच्या ओट्यावर आलं, ही या यंत्राची खरी कमाई. पैसे कुठे वाचवले, तर शेवटच्या हातात. सुटे भाग ठीकठाक असतात, पण ते एकमेकांशी किती समांतर बसलेत हे प्रत्येक नगात वेगळं निघतं. एखादा नग खोक्यातूनच उत्तम निघतो, एखाद्यावर तीन तास खर्च होतात. म्हणून या परीक्षणातला मोठा भाग जुळवणीचाच आहे.

तिरकेपणा म्हणजे नेमकं काय

ज्यांनी जातं पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. जात्याची वरची तळी फिरते, खालची जागेवर. या ग्राइंडरमध्ये उलट आहे : खालचा बर्र मोटरच्या दांड्यावर फिरतो, वरचा स्थिर राहतो आणि डायल फिरवली की खालीवर होतो. जात्याची तळी एका अंगाला कलली तर एकीकडून पीठ पडतं आणि दुसरीकडून भरडा. इथेही तेच होतं, फक्त माप मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात).

एस्प्रेसोच्या दळणाला दोन बर्रांच्या बाहेरच्या कडांमधली फट एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. समजा वरचा बर्र ०.०५ मिलिमीटरने कललाय. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही हे कमी. तरी एका बाजूला फट ०.१० आणि समोर ०.१५, म्हणजे थेट दीडपट. जाड कण या रुंद बाजूने निसटतात, अरुंद बाजूला धूळ होते. मग एकाच कपात आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही लागतात, आणि भाजणीला किंवा दाण्याला दोष दिला जातो.

दुसरी खूण डायलवर दिसते. तिरके बर्र लवकर टेकतात, कारण उंच बाजू आधी पोचते. मग एस्प्रेसोइतकं बारीक दळायला जावं तर बर्र घासायला लागतात आणि शॉट (एस्प्रेसोची एक खेप) तरी १५ सेकंदांत, म्हणजे फार लवकर, धावतो. 'हा ग्राइंडर एस्प्रेसोला पुरेसा बारीक जातच नाही' अशी तक्रार असते, त्यात बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

आधी साफसफाई

शिम (बर्राखाली घालायची पातळ पट्टी), फॉइल, टेप यांकडे वळण्याआधी प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. भाता आणि हॉपर (दाणे टाकायचं भांडं) उतरवा, डायलची कडी उलट फिरवून सोडवा, वरचा बर्र त्याच्या कॅरिअरसकट (ज्या धातूच्या भागावर बर्र स्क्रूंनी बसतो त्याच्यासकट) उचला. खाली स्प्रिंगा असतात, त्या उडून जाणार नाहीत असं सावकाश. कॅरिअर कोणत्या दिशेने बसला होता त्याची शिसपेन्सिलीने खूण करा. मग दोन्ही बर्रांचे तीन-तीन स्क्रू काढा. बर्र सोडवण्याआधी बर्रावर आणि कॅरिअरवर समोरासमोर एकेक ठिपका मारायला विसरू नका, कारण तीन भोकांमुळे बर्र तीन वेगवेगळ्या जागी बसू शकतो आणि पुढे ही माहिती लागते.

आता बर्राखालची बैठक पाहा. नव्या यंत्रातही तिथे कारखान्यातल्या चाचणीची कॉफी सापडते. कॉफीच्या धुळीतला कण ५० मायक्रॉनचा सहज असतो. स्वयंपाकघरातली साधी फॉइल ११ मायक्रॉनची. म्हणजे बर्राखाली अडकलेला एक कण फॉइलच्या चार-पाच थरांइतका बर्र उचलतो. बैठक कोरड्या ब्रशने झाडा, मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. बैठकीच्या कडेला आणि स्क्रूच्या भोकांभोवती नखाने चाचपा. धातूचा बारीक कंगोरा किंवा आत सांडलेला रंगाचा फुगा लागला तर बारीक ऑइलस्टोन (धार लावायचा दगड) सपाट धरून दोन-तीनदा हलकेच फिरवा, बैठक घासू नका. बर्राची पाठही तशीच स्वच्छ करा. स्टीलचे बर्र पाण्याने धुवायचे नाहीत. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत धुतलेला बर्र रात्रीत गंजाचे ठिपके धरतो.

बर्र परत बसवताना तिन्ही स्क्रू आधी फक्त टेकवा. मग पहिला पाव फेरा, दुसरा पाव फेरा, तिसरा पाव फेरा, असं आळीपाळीने घट्ट करा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलं तर बर्र त्या बाजूला बसून जातो आणि उरलेले दोन स्क्रू त्याला तिरकाच धरून ठेवतात. जोरही बेताचा हवा. स्क्रूड्रायव्हरची मूठ तीन बोटांत धरून जेवढा लागेल तेवढा पुरे. जास्त आवळलं तर बर्रच स्क्रूंच्या जागी किंचित दबतो.

एवढ्यावरच बऱ्याच नगांचा निम्मा दोष जातो. म्हणून मार्करची चाचणी साफसफाईनंतर घ्यायची, आधी नाही. आधी घेतली तर तुम्ही कॉफीच्या कणाला फॉइल लावत बसाल.

मार्करची चाचणी, आणि ती वाचायची कशी

लागतो तो साधा व्हाइटबोर्ड मार्कर. पर्मनंट नको, तो घासून नीट निघत नाही आणि निकाल खोटा येतो. बर्राच्या अगदी बाहेरच्या कडेला जी अरुंद सपाट कडी असते, तेवढीच रंगवा. पातळ थर, एकदाच. दोन मिनिटं वाळू द्या. वरचा आणि खालचा दोन्ही रंगवा.

मग जोडणी करा, डायल हळूहळू बारीककडे न्या आणि वरच्या तोंडातून खालच्या कॅरिअरच्या मधल्या बोल्टवर मापाचा सॉकेट लावून तो हाताने फिरवत राहा, बोल्ट आवळला जाईल त्या दिशेने. मोटर चालू करून टेकवण्याची पद्धतही आहे, पण १४०० फेऱ्यांना धातूवर धातू घासणं नव्या धारेला चांगलं नाही आणि लेप दिलेल्या बर्रांना तर नकोच. हाताने फिरवलं की कानाला आणि मनगटाला दोन्हींना कळतं.

पहिली घासणी ऐकू येते त्या जागी डायलचा आकडा लिहून ठेवा. आवाज कसा येतो तेही ऐका. पूर्ण फेऱ्यात एकदाच 'खर्र' होऊन पुन्हा शांतता येत असेल तर वरचा आणि खालचा दोन्ही बर्र कललेले आहेत : दोघांच्या उंच बाजू एका फेऱ्यात एकदाच समोरासमोर येतात. घासणी अखंड, एकसारखी येत असेल तर दोष दोघांपैकी फार तर एकात आहे. फॉइल कापण्याआधीच एवढी माहिती फुकट मिळते.

डायल अजून थोडी, अर्धा आकडा, पुढे न्या, पाच-सहा फेरे द्या, मग उघडा. समजा वरच्या बर्रावर शाई सगळीकडून सारखी पुसलीय, पण खालच्यावर घड्याळाच्या दोन ते सहा एवढ्याच भागात धातू चमकतोय आणि बाकीची कडी निळीच आहे. दोष खालच्याचा. कारण खालचा फिरतो. त्याची उंच बाजू वरच्याच्या प्रत्येक जागेवरून जाते आणि सगळीकडची शाई नेते, पण त्याची स्वतःची बुटकी बाजू कशालाच लागत नाही. उलट, खालचा पूर्ण पुसलेला आणि वरच्यावर अर्धचंद्र, तर वरचा कललाय. दोन्हींवर अर्धचंद्र असतील तर दोन्ही. ज्याच्यावर शाई उरते तो दोषी, आणि शाई जिथे उरली ती त्याची बुटकी बाजू, हे पाठच करून ठेवा. पुष्कळ जण घाईत उलटं वाचतात आणि पुसलेल्या जागेखाली फॉइल घालतात. त्याने दोष दुप्पट होतो.

कितपत दोष आहे हे मोजायला नुसती टक्केवारी पुरत नाही. डायल पुरेशी आवळली तर कोणताही बर्र शंभर टक्के पुसला जाईल. खरं माप म्हणजे पहिल्या स्पर्शापासून पूर्ण पुसलं जाईपर्यंत डायल किती सरकली. अर्धा ते एक आकडा लागत असेल तर काम झालं, हात लावू नका. चार-पाच आकडे लागत असतील तर पुढे वाचा.

फॉइलआधी एक प्रयोग

ज्या बर्रात दोष दिसला तो सोडवा, कॅरिअरवर एक भोक पुढे, म्हणजे १२० अंश फिरवून बसवा आणि चाचणी पुन्हा घ्या. निळा अर्धचंद्र बर्राबरोबर फिरला तर दोष बर्रात आहे. कॅरिअरपाशी जिथल्या तिथे राहिला तर दोष बैठकीत. दोन्हींत थोडाथोडा असेल तर तीन जागांपैकी एखाद्या जागी ते एकमेकांना बरेचसे खोडू शकतात, आणि मग फॉइलची गरजच उरत नाही. तिन्ही जागा तपासायला अर्धा तास जातो, पण नंतरचा तास वाचतो. ही पायरी कुणी सहसा करत नाही याचं वाईट वाटतं, कारण शिम नसलेली जुळवणी ही नेहमीच शिम असलेल्या जुळवणीपेक्षा टिकाऊ.

बर्रातच दोष निघाला तर तो जाड काचेवर तोंड खाली करून ठेवा आणि कडेवर आलटून पालटून बोट दाबा. डुगडुगला तर बर्र वाकडा आहे. फॉइलने तो सरळ होणार नाही, विक्रेत्याकडून बदलूनच घ्यावा.

फॉइल

सुरुवात खालच्या बर्रापासून. फिरणारा बर्र दांड्याला काटकोनात आला की मग वरच्याला त्याच्याशी जुळवणं सोपं जातं.

साधी ११ मायक्रॉनची फॉइल घ्या. जाड, १८ मायक्रॉनची, फॉइल पहिल्या हाताला नको. काचेवर ठेवून चमच्याच्या पाठीने सपाट करा. सुरकुती राहिली तर फॉइल स्प्रिंगसारखी वागते, आज ठीक वाटतं आणि आठवड्याने बसून जातं. साधारण ५ मिलिमीटर रुंद, २५ ते ३० लांब पट्टी कापा. ६४ मिलिमीटरच्या बर्राचा परीघ २०० मिलिमीटरच्या किंचित वर, म्हणजे दोन स्क्रूंमध्ये ६७ मिलिमीटर. त्यात ही पट्टी आरामात बसते. स्क्रूच्या भोकावर फॉइल येऊ द्यायची नाही. तिथे ती स्क्रूबरोबर गोळा होते.

पट्टी बैठकीच्या बाहेरच्या काठाला, जिथे शाई उरली होती त्याच्या मधोमध, बर्राखाली. अल्कोहोलचा एक थेंब लावला की बर्र बसवेपर्यंत ती जागची हलत नाही. एकच थर. स्क्रू पुन्हा पाव-पाव फेऱ्याने आवळा, शाई पूर्ण पुसून नव्याने रंगवा, पुन्हा चाचणी. निळा भाग आक्रसला पण गेला नाही, तर त्याच पट्टीवर अजून एक, पहिलीपेक्षा आखूड. अशी पायरी-पायरीची उतरण केली की बर्राला मधून आधार मिळतो. नुसता एकाच जागी चार थरांचा ढीग रचला तर बर्र त्या ढिगावर आणि समोरच्या कडेवर टेकतो, मधे पोकळ राहतो, आणि आवळल्यावर वाकतो. चार थरांहून जास्त लागत असतील तर थांबा. एवढा दोष फॉइलने झाकायचा नसतो. बैठकीवर काहीतरी राहिलंय किंवा कॅरिअरच दांड्यावर तिरका बसलाय. मधला बोल्ट काढून कॅरिअर उतरवा, दांड्याचा खांदा आणि कॅरिअरची खालची बाजू पुसा, परत बसवा.

पहिल्यांदा करणाऱ्याला सहा ते दहा फेऱ्या लागतात. नव्वद टक्के कडी एका आकड्यात पुसली जाऊ लागली की थांबावं. उरलेल्या दहा टक्क्यांचा फरक कपात लागत नाही, आणि दर उघड-झाकीला आटे झिजतात. डायलची कडी परत लावताना ती आधी उलटी फिरवा, आटा 'टक्' करून पडतो, मग सुलटी न्या. आडवा आटा चढला तर ग्राइंडर गेलाच समजा. आट्यांवर अन्नासाठी चालणारं ग्रीस, तेही बोटावर येईल न येईल एवढंच.

वरच्या कॅरिअरचा ढिलेपणा

या ढाच्याची ही खरी कमजोरी, आणि हिच्याबद्दल कमी बोललं जातं. वरचा कॅरिअर स्प्रिंगांच्या जोरावर डायलच्या कडीला वर दाबून असतो आणि तो खालीवर सरकावा म्हणून भोवती थोडी मोकळीक ठेवावीच लागते. काही नगांत ती मोकळीक जरा जास्त असते. कॅरिअर घरात बसवून दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहा. हलताना जाणवत असेल तर मार्करची चाचणी दर वेळी निराळं सांगेल आणि तुम्ही फॉइल इकडून तिकडे फिरवत राहाल. चाचणी दोनदा लागोपाठ, काहीही न बदलता घ्या. दोन्ही वेळा अर्धचंद्र एकाच जागी आला पाहिजे. नाही आला तर आधी हा ढिलेपणा काढा.

उपाय प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप. कॅरिअरच्या बाहेरच्या गोलाईवर, ताणून, दोन वेढे. कॅरिअर अंगठ्याने दाबला की खाली जावा आणि सोडला की स्प्रिंगांनी आपणहून वर यावा. अडकून राहिला तर टेप जास्त झाली, एक वेढा काढा. हे महत्त्वाचं आहे, कारण अडकलेला कॅरिअर डायल जाडीकडे फिरवली तरी वर येत नाही आणि तुम्हाला वाटतं दळण बदललं. टेपचा खालचा काठ दळणाच्या पोकळीपासून दोन-तीन मिलिमीटर वर ठेवा, नाहीतर तिचे धागे कॉफीत येतील. टेप लावल्यावर वरच्या बर्राची चाचणी पहिल्यापासून घ्यायची. आधीचे निकाल रद्द.

ज्यांच्याकडे डायल गेज (सुईने सूक्ष्म उंचसखलपणा दाखवणारं मापक) आहे त्यांनी ०.०१ मिलिमीटरचा घ्यावा आणि टोक बर्राच्या दातांवर नको, कॅरिअरच्या रिकाम्या बैठकीवर टेकवावं. दातांवर सुई उड्या मारते. मॅग्नेटिक बेस ग्राइंडरच्या अंगाला चिकटला नाही तर दोन्ही एका जड लोखंडी पाटावर ठेवा. एका फेऱ्यात सुई ०.०२ ते ०.०३ च्या आत फिरली तर बैठक चांगली आहे. गेज मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही मोठ्या टूल्सच्या दुकानात मिळतो, पण एका ग्राइंडरसाठी विकत घेण्याची गरज नाही. पुणे-कोल्हापूरकडे ओळखीचा लेथवाला असणं काही दुर्मिळ नाही, आणि भोसरीत कॅरिअरची बैठक एका हलक्या कटात फेस करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट कापून, मिळेल. करून घ्यायची असेल तर एकच अट : कॅरिअर लेथवर बाहेरून चकमध्ये न धरता दांड्याच्या भोकात मँड्रेल (भोकात घट्ट बसणारा दांडा) घालून धरायचा. ग्राइंडरमध्ये तो ज्या आसावर फिरतो त्याच आसावर कापला गेला पाहिजे, नाहीतर आहे तो दोषही बरा होता असं होईल.

नंतर काय बदलतं

स्पर्शाचा आकडा खाली सरकतो. जो ग्राइंडर आधी दहावर घासत होता तो आता चार-पाचावर घासेल, म्हणजे जुने सगळे आकडे निरुपयोगी. नवा स्पर्शबिंदू लिहून ठेवा आणि तिथून मोजा. एस्प्रेसोला १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, २५ ते ३० सेकंद या मापाने लागोपाठ तीन शॉट काढून पाहा. वेळ दोन-तीन सेकंदांच्या आत राहिली आणि तळ नसलेल्या पोर्टाफिल्टरखाली (कॉफी भरायच्या मुठीच्या चाळणीखाली) धार मधोमध एक झाली, की जुळवणी लागू पडली. एकच शॉट पाहून ठरवू नका, त्यात टॅम्पिंगचाही (कॉफी दाबून बसवण्याचाही) दोष मिसळलेला असतो. पोअर-ओव्हरमध्ये (गाळणीतल्या कॉफीवर हाताने पाणी ओतून केलेल्या कॉफीत) फरक वेगळा दिसतो : १५ ग्रॅमला २५० मिलिलिटर पाणी ओतल्यावर शेवटी चिखल होऊन पाणी तुंबत असे, ते आता एकसारखं उतरतं.

नवे बर्र असतील तर पहिले दोन-तीन किलो कुठलंही मत बनवू नका. धारेवरचा कारखान्यातला करकरीतपणा जायला तेवढं दळण लागतं. त्यासाठी शिळे, स्वस्त भाजलेले दाणे वापरा. तांदूळ घालू नका, तो कॉफीच्या दाण्याहून कितीतरी कठीण असतो.

मात्र हे सगळं प्रत्येकाला लागत नाही. घरात पितळी फिल्टरचा डिकॉक्शन, मोका पॉट किंवा फ्रेंच प्रेस एवढंच चालत असेल तर साफसफाई आणि स्क्रू नीट आवळणं पुरे. चिकोरी मिसळून, दूध-साखरेबरोबर प्यायच्या कॉफीत पाच मायक्रॉनचा फरक शोधणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे. आणि ज्यांना स्क्रूड्रायव्हर हातात धरायचाच नाही त्यांनी १झेडप्रेसोसारखा दोन बेअरिंगांचा हाताचा ग्राइंडर घ्यावा. तो बहुधा खोक्यातूनच सरळ येतो, किंमत कमी, मेहनत हाताची.

बाकीचं थोडक्यात

आयनायझर काम करतो. पावसाळ्यात कोकणपट्टीत तो नसला तरी चालेल, कारण दमट हवेत कॉफी स्थिर विजेने फारशी चिकटत नाही. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र तो असूनही दाण्यांवर पाण्याचा एक फवारा मारावा लागतो. एकच, जास्त नाही, नाहीतर बर्राखाली लगदा साठतो आणि जुळवणी पुन्हा बिघडते. भाता दोनदा दाबला की आत फारसं काही उरत नाही. आवाज ठीक. डायलवरचे आकडे मोठे आणि वाचता येण्याजोगे, पण डायलला खटके नाहीत, त्यामुळे आकडा ध्यानात ठेवावा लागतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर आधी मागची पट्टी वाचा. ११० व्होल्टचं मॉडेल आपल्या २३० व्होल्टला थेट लावलं तर पहिल्याच मिनिटाला जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून चालवणारे आहेत, पण मोटर सुरू होताना २५० वॅटपेक्षा बरीच जास्त खेचते. त्यामुळे किमान ५०० वॅटचा, जड आणि महाग ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. २३० व्होल्टचंच मॉडेल घ्यावं. आणि उघडण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा की बर्र काढल्याने वॉरंटी जाते का. बर्र साफ करण्यासाठी काढावेच लागतात, तेव्हा उत्तर 'नाही' असंच यायला हवं. कॅरिअर लेथवर नेलात तर मात्र वॉरंटी विसरा.

एसएसपीबद्दल पुन्हा. हे कोरियन बर्र ६४ मिलिमीटरमध्ये ग्राइंडरच्या साधारण निम्म्या किमतीला पडतात. ते उत्तम आहेत, विशेषतः हलक्या भाजणीच्या पोअर-ओव्हरला. पण त्यांची कडी अधिक अचूक कापलेली असते म्हणूनच बैठकीतला तिरकेपणा त्यांत लपत नाही. आधी मूळचे बर्र जुळवा, महिनाभर प्या, बैठकीचा दोष कुठे आणि किती आहे ते कळू द्या. मग बदलायचेच असतील तर जुने शिम काढून टाका, तसेच ठेवू नका. ते ज्या बर्रासाठी कापले होते त्याची पाठ आणि नव्याची पाठ सारखी नसते. ठिपक्याची खूण फक्त कॅरिअरवर ठेवा, नवा बर्र तिन्ही भोकांवर आळीपाळीने बसवून पाहा, आणि शाईचा मार्कर पुन्हा बाहेर काढा.